पेठेंत थांबावयाची जागा

आमचा एक भाचा अमेरिकेंत नोकरीस असतो. गेल्या दिवाळींत तो कल्याणास आला असतां आम्ही दोघे भाजी घेऊन शिवाजी चौकांतून घराकडे निघालों होतों. वाटेंत तो सांगूं लागला, "मामा, तिकडच्या कितीतरी शहरांचा मध्यभाग एके काळीं ओस पडला होता. दुकानांना कुलुपें, रस्त्यांवर शुकशुकाट. मग तेथें नाट्यगृहें काढलीं, चित्रशाळा काढल्या, कॉलेजांचे वर्ग आणून बसविले, आणि हळूहळू शहर जागें झालें. आपल्या पेठेसाठीं असें कोणी कां करीत नाहीं?" आम्ही उत्तर देणार तोंच पाठीमागून रिक्षाचा भोंगा वाजला, पुढून एक हातगाडी आडवी आली, आणि मामा एका बाजूस व भाचा दुसऱ्या बाजूस अशी जी आमची फाटाफूट झाली, ती पुन्हां गांठ पडली घराच्या दारांत.

चहा पितां पितां आम्हीं त्याला म्हटलें, "अरे, तुमच्याकडचा रोग निराळा, आमच्याकडचा निराळा. तुमच्या पेठेंत माणूस नव्हतें. आमच्या पेठेंत माणसाला उभें राहावयास जागा नाहीं." तो हंसला व विषय तेथेंच राहिला. आमच्या डोक्यांतून मात्र तो प्रश्न गेला नाहीं. याचें कारण असें कीं, आम्हीं चौतीस वर्षें जेथें संस्कृत व मराठी शिकविलें त्या शाळेच्या इमारतीचें पुढें काय करावें असा वाद त्याच सुमारास चालूं होता, आणि वयाला शोभो वा न शोभो, त्या वादांत आम्हीही उतरलों होतों. ती हकीकत पुढें येईलच.

इंग्रजींत ज्याला 'डाउनटाउन' म्हणतात त्याला मराठींत एकच एक शब्द नाहीं. कोणी गांवठाण म्हणतो, कोणी बाजारपेठ. आणि खडकपाड्यास राहणाऱ्या मंडळींना पारनाक्याकडे यावयाचें झालें म्हणजे तीं अजूनही "गांवांत जाऊन येतों" असें म्हणतात. हें गांव मूळचें बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक प्रवासवर्णनांत कल्याणचें नांव आढळतें, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे बाजारांत मिळविलेल्या पैशांतून विद्येच्या व धर्माच्या जागेस हातभार लावण्याची चाल या गांवास नवी नव्हे. ठाणें हें शिलाहार राजांचें श्रीस्थानक, तेंही खाडीकांठचेंच. पुढें १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, दुसऱ्या वर्षीं ती कल्याणास पोंचली, आणि या दोन्ही गांवांचें तोंड खाडीकडून स्टेशनाकडे वळलें. जुनी वस्ती आणि नवें स्टेशन यांच्या दरम्यान जो रस्ता पडला तीच आमची आजची पेठ. डोंबिवलीस अशा प्राचीन बंदराचा मान नाहीं. तिची पेठ सर्वस्वीं स्टेशनानेंच घडविली.

२०११ सालच्या खानेसुमारींत ठाणें शहराची वस्ती अठरा लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर भरली. त्यांतील पुष्कळसा भाग सकाळीं एकदां आणि संध्याकाळीं एकदां या तीन स्टेशनांच्या दारांतून जातो. तेव्हां आमच्या पेठा ओस पडल्या आहेत असें म्हणणाऱ्यास कोणी वेड्यांत काढील. परंतु त्या गर्दींत थोडा वेळ बारकाईनें पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, येथें प्रत्येकजण कोठून तरी कोठें तरी चालला आहे. थांबलेला कोणी नाहीं. थांबावयाचें तर कांहीं तरी विकत घेतलें पाहिजे. चहा घ्या, वडा घ्या, रुमाल घ्या, तेवढ्यापुरतें उभे राहा, आणि चला. रात्रीं साडेआठ-नऊला दुकानांचीं शटरें पडलीं कीं हाच रस्ता इतका अंधारतो कीं, एकट्यादुकट्या बाईमाणसाला तेथून जाववत नाहीं. दिवसां श्वास कोंडतो आणि रात्रीं भीति वाटते, ही कांहीं जिवंत पेठेची लक्षणें नव्हेत.

या ठिकाणीं एक शास्त्राधार देण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. ज्या ग्रंथाचें नांव कौटुंबिक मासिकांत घेण्याचा प्रघात नाहीं, त्या वात्स्यायनाच्या ग्रंथांत नागरकाचें, म्हणजे शहरांत राहणाऱ्या रसिक गृहस्थाचें, वर्णन आलें आहे. त्यांत असें सांगितलें आहे कीं, पंधरवड्यांतून वा महिन्यांतून एका ठरलेल्या दिवशीं सरस्वतीच्या मंदिरांत 'समाज' भरावा. 'समाज' म्हणजे कलावंत व रसिक यांचा मेळा. या शब्दास आजचा अर्थ पुष्कळ मागाहून चिकटला. बाहेरगांवाहून आलेल्या नटांनीं तेथें आपली कला दाखवावी आणि दुसऱ्या दिवशीं त्यांस ठरलेला मोबदला मिळावा, असाही दंडक त्यांत आहे. दुसऱ्याच दिवशीं! आमच्याकडील कांहीं संस्थाचालकांनीं हें कार्यालयाच्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखें आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'तील चारुदत्तही व्यापाऱ्यांच्या चौकांत राहणारा. रेभिलाचें गाणें ऐकून तो मध्यरात्रीं आपल्या मित्राबरोबर पायींच घरीं येतो, आणि वाटेंत त्या गाण्याविषयींच बोलत असतो. जेथें व्यापार तेथेंच गाणें, आणि गाण्याहून घर चालत येण्याइतकें जवळ, अशी ती उज्जयिनी होती.

आमच्या तीनही गांवांनीं हें आपल्या परीनें केलेलें आहे, आणि तें सरकारी योजनेंतून नव्हे. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजीं निघालें. मुंबईचें याच नांवाचें प्रसिद्ध संग्रहालय १८९८ सालचें. म्हणजे ठाणेंकरांनीं मुंबईच्या आधीं पांच वर्षें हें काम केलें. तें काढणाऱ्यांत पुढें 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून नांवारूपास आलेले विनायक लक्ष्मण भावे हे होते, आणि त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकवीस होतें. इंग्रजी पुस्तकांच्या लायब्ऱ्या तेव्हां ठिकठिकाणीं निघत होत्या. केवळ मराठी ग्रंथ जमवावे, जुने जमवावे, नवे जमवावे, व ते वाचावयास द्यावे, ही कल्पना मात्र अपूर्व होती. पैसा थोडा, जागा थोडी. पण ती जागा कोठें? तर बाजारापासून हांकेच्या अंतरावर. आजही सुभाष पथावर या संग्रहालयाची इमारत उभी आहे आणि जांभळी नाक्याचा भाजीबाजार तिच्या जवळच आहे. एका हातांत मेथीची जुडी व दुसऱ्या हातांत कादंबरी घेऊन जिना उतरणाऱ्या गृहिणी आम्हीं तेथें स्वतः पाहिल्या आहेत. ग्रंथालय गांवाबाहेर टेकडीवर बांधलें असतें तर मेथी घरीं आली असती, कादंबरी आली नसती. याच संस्थेनें २०१० सालच्या डिसेंबरांत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यांत भरविलें. भाजीबाजाराशेजारच्या संस्थेच्या अंगीं एवढें बळ आलें तें शंभरावर वर्षें दररोज दार उघडल्यामुळें.

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय याहून जुनें, १८६४ सालचें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, ३१ मार्च १८६५ रोजीं, याच गांवांत जी मुलगी जन्मास आली ती पुढें आनंदीबाई जोशी म्हणून अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झाली. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध आम्ही जोडीत नाहीं. परंतु ज्या गांवास पुस्तकांची भूक लागली होती त्याच गांवांत तिचा जन्म झाला, हें आमच्या शाळेंतील मुलांस सांगतांना आम्हांस नेहमी बरें वाटे. कल्याणचा गायन समाज १९२६ सालचा. 'देवगंधर्व' पदवीनें गौरविलेले भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ तो संस्थेतर्फें महोत्सव करतो, ही त्याची ख्याति; पण आमच्या दृष्टीनें त्याची खरी किंमत महोत्सवांत नसून रोजच्या संध्याकाळच्या वर्गांत आहे. जुन्या कल्याणांत संध्याकाळीं एखाद्या खिडकींतून पोरांचा कच्चा सूर ऐकूं आला म्हणजे रस्त्यानें जाणारा मनुष्य क्षणभर पाऊल सावकाश टाकतो. तो गाण्यांतला दर्दी असेल असें नाहीं. पण पाऊल सावकाश पडतें.

आतां नाट्यगृहांकडे वळूं, कारण पुनरुज्जीवनाची गोष्ट निघाली कीं नगरपालिकांना प्रथम नाट्यगृहच सुचतें. ठाण्याचें राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ सालीं मासुंदा तलावाच्या कांठीं उभें राहिलें. 'आयतन' म्हणजे निवास. नांव मोठें सुंदर ठेविलें आहे. पण त्याहून सुंदर ती जागा. स्टेशनावरून पायीं यावें, अर्धा तास आधीं यावें, तलावपाळीवर एक फेरी मारावी, भेळ खावी, आणि तिसरी घंटा ऐकून आंत जावें. नाटक सुटल्यावर पुन्हां तीच पाळी. तेथें दहा ठिकाणीं दहा घोळके उभे असतात आणि प्रत्येकांत नाटकाचा कीस पडत असतो. ज्यानें तिकीट काढलें नाहीं त्यालाही या करमणुकीचा थोडा वांटा मिळतो. अलीकडे तें दुरुस्तीसाठीं बराच काळ बंद होतें. त्या दिवसांत आम्ही एकदोनदां तलावपाळीवर गेलों. दिवे तेच, फेरीवाले तेच, पण रात्रीं साडेनवाला जें एक भरतें येत असे तें येत नव्हतें. एका नाट्यगृहानें सभोंवतालच्या पावमैलाची रात्र कशी बांधून ठेविली होती, हें तें बंद झाल्यावर आम्हांस कळलें.

पुढें ठाणें घोडबंदरच्या बाजूस वाढलें, तेव्हां तिकडे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झालें. डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर झालें, तें घरडा सर्कलजवळ, स्टेशनापासून लांब. दोन्ही वास्तु प्रशस्त आहेत. आम्हीं दोहोंत नाटकें पाहिलीं व आनंद घेतला. नव्या वस्तीला तिचें नाट्यगृह हवेंच. पण तेथें प्रेक्षक वाहनांतून येतो, वाहनांतून जातो, आणि दिवे मालवले कीं मागें उरतो तो पहारेकरी. हीं गृहें पेठेस संजीवनी देतील अशी अपेक्षाच करूं नये. तीं पेठेपासून दूर आहेत. कल्याणचें आचार्य अत्रे रंगमंदिर शंकरराव चौकांत, म्हणजे गांवांतच, आहे. त्याची जागा उत्तम. त्याच्या आवारांत नाटक नसलेल्या दिवशींही लोकांनीं यावें असें कांहीं कायमचें असतें, एखादी चित्रशाळा, एखादा नाट्यवर्ग, निदान बसावयास चार बांक, तर किती बहार होईल, असें आम्हांस त्यावरून जातांना दर वेळीं वाटतें.

डोंबिवलीची गंमत निराळीच. तेथें फडके रोड नांवाचा एक रस्ता आहे. एका टोंकास स्टेशन, दुसऱ्या टोंकास श्रीगणेश मंदिर. मंदिराचें संस्थान १९२४ सालचें. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून तरुण मंडळी या रस्त्यावर जी जमते ती केवळ एकमेकांस भेटावयास. कोणी बोलावलेलें नसतें, कोणी भाषण करीत नाहीं. १९९९ सालीं गुढीपाडव्याच्या दिवशीं येथूनच नववर्ष स्वागतयात्रा निघाली, आणि पाहतां पाहतां ती चाल ठाणें, गिरगांव करीत महाराष्ट्रभर गेली. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक या गांवानें आपले म्हणून मिरविले. २०१७ सालच्या फेब्रुवारींत नव्वदावें साहित्य संमेलन डोंबिवलीस भरलें, त्या संमेलननगरीस भाव्यांचें नांव होतें आणि यजमानपण होतें आगरी यूथ फोरमकडे. ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. डोंबिवलीची संस्कृति म्हणजे आपल्याच चार आळ्यांची संस्कृति, असा एक समज आपल्या मंडळींत होता. या भूमीचे मूळचे राहणारे लोक साहित्याचा एवढा मांडव घालूं शकतात, हें पाहून तो समज दूर झाला असेल तर संमेलनाचा तेवढा खर्च वसूल झाला.

तथापि यात्रा वर्षांतून एक दिवस आणि संमेलन तीन दिवस. मुंबईस काळा घोडा येथें १९९९ सालींच एक कलामहोत्सव सुरू झाला, आणि त्या भागाचें रूप त्यानें पालटलें असें सर्वत्र सांगतात. सांगणारे एवढेंच विसरतात कीं, तेथें जहांगीर चित्रशाळा १९५२ पासून उभी होती, आणि डेव्हिड ससून वाचनालय व एलफिन्स्टन कॉलेज यांना तर शंभरावर वर्षें होऊन गेलीं होतीं. मणी ओंवलेले होते. महोत्सवानें धागा घट्ट केला. स्पेन देशांतील बिल्बाओ शहराची गोष्टही अशीच. तेथें १९९७ सालीं एक अद्भुत आकाराचें संग्रहालय बांधलें आणि मेलेलें बंदर जिवंत झालें, असें भाचा आम्हांस सांगत होता. आम्हीं माहिती काढली तों कळलें कीं, त्याच्या दोन वर्षें आधींच तेथें भुयारी रेल्वे सुरू झाली होती आणि घाण झालेली नदी स्वच्छ करण्याचें कामही हातीं घेतलेलें होतें. नुसती इमारत आणून ठेविली म्हणजे झालें, अशा समजुतीनें आमच्याकडेही पुष्कळ कोनशिला बसल्या आहेत. ठाणें व कल्याण-डोंबिवली हीं दोन्ही २०१६ सालीं 'स्मार्ट सिटी' योजनेंत घेतलीं गेलीं, तेव्हां स्टेशनाबाहेरचे पूल, रस्ते यांची चर्चा पुष्कळ झाली. ती व्हावयासच हवी होती. पण पुलावरून उतरलेला मनुष्य कोठें बसणार, हें कोणी विचारलें नाहीं.

येथें आपल्या घरच्यांविषयीं दोन शब्द. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे आजे-पणजे अशाच कोणत्या तरी पेठेंतील वाड्यांत वाढले. वाडे जुने झाले, वांटण्या झाल्या, त्यांच्या इमारती झाल्या. त्यांतले फ्लॅट भाड्यानें देऊन आपण गांवाबाहेर मोठ्या संकुलांत राहावयास गेलों. मुलांना इंग्रजी शाळेंत घातलें, आणि पेठेंतल्या मराठी शाळेचा पट कमी झाला म्हणून हळहळणारेही आपणच. आम्ही दुसऱ्यांस नांवें ठेवीत नाहीं. आमचा स्वतःचा मुलगा घोडबंदर रोडला राहतो आणि आमची नात इंग्रजी शाळेंत जाते. "बाबा, तुम्ही दोघं इकडे या. इथं क्लबहाउसमध्यें लायब्ररीसुद्धां आहे," असा सूनबाईंचा प्रेमळ आग्रह असतो. एकदां आम्ही ती लायब्ररी पाहूनही आलों. कांचेचें सुरेख कपाट, त्यांत सुरेख पुस्तकें, कपाटाला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर रजेवर.

आतां शाळेची हकीकत. तिचें नांव येथें घेत नाहीं. आम्ही शालान्त परीक्षा होऊन अध्यापनाची पदविका घेतली व तेथें नोकरीस लागलों, तेव्हां इयत्ता पांचवीच्या चार तुकड्या होत्या. निवृत्त झालों तेव्हां एक होती, तीही अर्धी. वर्ग रिकामे पडले. गच्ची गळूं लागली. विश्वस्त मंडळींपुढें असा विचार आला कीं, रस्त्याच्या बाजूच्या तळमजल्यावरील चार खोल्यांचे गाळे काढून दुकानांस भाड्यानें द्यावे. आम्हांस तें ऐकून फार वाईट वाटलें, आणि त्या वाईट वाटण्याच्या भरांत आम्हीं एक अर्ज केला कीं, गाळे काढण्यापूर्वीं दोन खोल्या एक वर्षभर संध्याकाळीं आमच्या ताब्यांत द्याव्या. तेथें आम्ही सांस्कृतिक कार्य करूं. वीजबिल आम्ही चार निवृत्त मंडळी मिळून भरूं. विश्वस्तांनीं, बहुधा म्हाताऱ्यांचा मान राखावा म्हणून, तो मान्य केला.

आमच्या सांस्कृतिक कार्याचा आरंभ 'मेघदूता'वरील व्याख्यानानें झाला. वक्ते आम्हीच. श्रोते पांच, त्यांत दोन आमच्या घरचे व एक पाऊस थांबेपर्यंत आलेला. दुसऱ्या आठवड्यांत तीन. तिसऱ्या आठवड्यांत शेजारच्या चाळींतल्या एक काकू आल्या, त्या व्याख्यान संपेपर्यंत स्वस्थ बसल्या, आणि मग म्हणाल्या, "मास्तर, तुमचा तो मेघ राहूं द्या रामटेकास. आमच्या नातवाला रात्रीं बसायला कुठं जागा होते का तें बघा. दोन खोल्यांत सहा माणसं. टीव्ही लागला कीं पोर पुस्तक मिटतं." घरीं येतांना सौ. कांहीं बोलल्या नाहींत, पण जेवतांना म्हणाल्या, "अहो, त्या बाईंचं खरं आहे."

मग मोडकीं बांकें बाहेर काढलीं. आमचा एक जुना विद्यार्थी सुतारकाम करतो. त्यानें दोन रविवार घालवून तीं ठीक केलीं आणि मजुरी घेतली नाहीं, फक्त व्याकरणांत आम्हीं त्यास दिलेल्या गुणांची आठवण करून दिली. एका खोलींत रात्रीं अकरापर्यंत अभ्यासिका. दुसऱ्या खोलींत रेल्वेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तबला व पेटी शिकवूं लागले. पहिल्याच आठवड्यांत अभ्यासाची व तबल्याची मारामारी झाली, कारण भिंत एक आणि तीही पातळ. तेव्हां तबला पांच ते सात व अभ्यास सात ते अकरा असें ठरलें. मुलगे आले, मुली येईनात. त्यांच्या आया दारापर्यंत येत, आंत डोकावीत, आणि परत जात. एके दिवशीं सौ. स्वतःहून दाराशीं खुर्ची टाकून वाती वळत बसल्या. त्या आठवड्यांत तीन मुली आल्या. आतां अकरा येतात. कोणी बँकेच्या परीक्षेस बसणारी, कोणी बारावीची. मुलग्यांत एक फेरीवाल्याचा आहे, दोन दूधनाक्याकडचे मुसलमान विद्यार्थी आहेत, एक आगरी मुलगा रोज सायकलीवरून येतो. आमच्या अर्जांत यांच्यापैकीं एकाचाही विचार नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या डोळ्यांपुढें होते ते 'मेघदूता'चे श्रोते.

शाळेच्या ओट्यावर पूर्वीं अंधार पडला कीं पत्त्यांचा व बाटलीचा अड्डा बसत असे. तो कोणी हांकलला नाहीं. दिवा लागल्यावर आपोआप उठला. चणेवाला आतां दहापर्यंत तेथें गाडी लावतो. समोरच्या झेरॉक्सवाल्यानें दुकानाची वेळ दीड तासानें वाढविली. तक्रारीही आहेत. दुचाक्या आडव्या लागतात म्हणून शेजारचा कापडदुकानदार आमच्यावर रागावलेला आहे, आणि त्याचा राग अगदींच अस्थानीं नाहीं.

परंतु वर्ष आतां संपत आलें. मागल्या आठवड्यांत विश्वस्तांपैकीं एकजण आम्हांस वाटेंत भेटले. सज्जन गृहस्थ, आमच्याहून वयानें वडील. म्हणाले, "मास्तर, तुमचं चाललंय तें चांगलंच आहे. पण अभ्यासिकेनं गच्ची गळायची थांबत नाहीं." यास आमच्यापाशीं तेव्हां उत्तर नव्हतें. नंतर विचार करून आम्हीं मंडळास दुसरा अर्ज लिहिला. चारही गाळे काढूं नयेत, दोन काढावे. कोपऱ्यावरचे, जेथें भाडें अधिक येतें. त्यांपैकीं एक पुस्तकाच्या वा वाद्यांच्या दुकानास मिळेल तर पाहावें, न मिळाल्यास कोणासही द्यावा. मधल्या दोन खोल्या आहेत तशा राहूं द्याव्या, आणि गच्चीसाठीं जें कमी पडेल त्यासाठीं आम्ही जुन्या विद्यार्थ्यांच्या दारीं जाऊं. भाच्यास पत्र गेलें आहे. पेठेसाठीं कोणी कांहीं कां करीत नाहीं, असें त्यानेंच विचारलें होतें.

मंडळाची सभा अक्षय्यतृतीयेनंतर आहे. चणेवाल्यानें परवां विचारलें, "मास्तर, खोली बंद होणार म्हणतात, खरं का?" आम्हीं त्यास सांगितलें कीं, तूर्त नाहीं. संध्याकाळीं पांच ते रात्रीं अकरा उघडी असते. किल्ली आमच्याकडे असते. आणि आम्ही घरीं नसलों तर सौ.कडे.